पिटा कायद्याचा फेरविचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेश्याव्यवसायाचा कायदा बदलायला हवा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आजच्या कायद्यात काय लिहिलंय हे माहीत असलेले फार थोडे. म्हणून आधी कायदा काय म्हणतो आणि तो छाप्याच्या रात्री कसा वापरला जातो ते पाहू. फेरविचाराचं त्यानंतर.

भारतात वेश्याव्यवसाय गुन्हा आहे की नाही? एका शब्दात सांगा.

नाही. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, बंद दाराआड पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे, असं कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हे स्वच्छ शब्दांत नोंदवलंय. पण वरच्या वाक्यातले ‘एकटीने’ आणि ‘बंद दाराआड’ हे शब्द काढून बघा. धंदा करणारी बाई खोली भाड्याने घेते, मैत्रिणीसोबत राहते, रस्त्यावर उभी राहते, कमाईतून घर चालवते. यातलं काहीही करायला गेली की ती किंवा तिच्या आजूबाजूचं कोणीतरी कायद्याच्या कक्षेत येतं. गुन्हा नाही, पण गुन्हा न करता जगायची वाटही ठेवलेली नाही.

मग पोलीस पकडतात ते कशाखाली?

‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६’ या कायद्याखाली. पोलीस ठाण्यात आणि बातम्यांत त्याला ‘पिटा’ म्हणतात.

कलम ३ कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि त्यासाठी जागा देणाऱ्याला लागतं. कलम ४ तिच्या कमाईवर जगणाऱ्याला, कलम ५ या धंद्यात आणणाऱ्याला आणि कलम ६ डांबून ठेवणाऱ्याला. निदान कागदावर तरी ही चार कलमं तिचा गैरफायदा घेणाऱ्यांसाठी आहेत. कलम ७ आणि ८ मात्र थेट तिच्यावर येतात.

कलम ७ म्हणतं की प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, वसतिगृह, रुग्णालय किंवा पोलीस आयुक्त वा दंडाधिकाऱ्यांनी अधिसूचित केलेली सार्वजनिक जागा यांच्यापासून २०० मीटरच्या आत वेश्याव्यवसाय केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मुंबई-पुण्याच्या जुन्या भागाचा नकाशा घेऊन प्रत्येक देऊळ, मशीद, शाळा आणि दवाखान्याभोवती २०० मीटरचं वर्तुळ काढून पाहा. नकाशावर मोकळी जागा उरणं कठीण. दगडूशेठ गणपतीचं देऊळ बुधवार पेठेतच आहे, एवढं उदाहरण पुरे.

कलम ८ गिऱ्हाइकाला खुणावण्याबद्दल आहे. शब्दाने, हावभावाने, खिडकीत बसून, सज्जात उभं राहून लक्ष वेधून घेतलं तरी गुन्हा होतो. खिडकी आणि सज्जा हे शब्द खरोखरच कलमात आहेत. पहिल्यांदा दोषी ठरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर? कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. किमान शिक्षा फक्त पुरुषाला आहे हे मान्य, पण कमाल शिक्षा बाईला दुप्पट आहे. दुसऱ्यांदा सापडली तर वर्षभर. हा फरक १९८६ साली कायदा बदलला तेव्हाच त्यात आला.

दोन बायकांनी मिळून खोली घेतली आणि मध्ये घरवाली (म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई), दलाल कोणी नाही. तरी कुंटणखाना?

हो. कुंटणखान्याच्या व्याख्येत ‘दुसऱ्याच्या फायद्यासाठी’ यासोबतच ‘दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी’ वापरलेली जागाही येते. म्हणजे भाडं वाटून घ्यायचं, एकमेकींवर नजर ठेवायची, दारू पिऊन दंगा करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोघींनी मिळून बाहेर काढायचं, ही सुरक्षिततेची सगळ्यात साधी व्यवस्थाच कायद्याने कुंटणखाना ठरवली. सुरक्षित राहायचं तर गुन्हा, गुन्हा टाळायचा तर एकटी. माझ्या मते अख्ख्या कायद्यातली सर्वांत घातक ओळ ही आहे. तिच्यावर चर्चा मात्र सर्वांत कमी होते, कारण ती शिक्षेच्या कलमात नाही, व्याख्येत दडलेली आहे.

कलम ४ तर दलालांसाठी आहे. त्याला कोणाची हरकत असेल?

दलालांसाठी असतं तर नसती. कलमात ‘अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती’ असं आहे. वेश्येसोबत राहते किंवा नेहमी तिच्या सहवासात असते एवढं सिद्ध झालं, की ती व्यक्ती तिच्या कमाईवर जगते असं गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं त्या व्यक्तीवर येतं. गावाकडची म्हातारी आई, कॉलेजात जाणारा मुलगा, आजारी भाऊ हे सगळे यात बसतात. प्रत्यक्षात म्हाताऱ्या आयांवर खटले भरले जात नसतील, पण तशी धमकी देता येते. आणि जिथे धमकी देता येते, तिथे पैसेही मागता येतात.

घरमालकांचीही अशीच गंमत आहे. छाप्यात अमुक जागी वेश्याव्यवसाय आढळला, अशी बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली की पुढचं सगळं घरमालकाला माहीत होतं, असं गृहीत धरायची सोय कलम ३ मध्ये आहे. मग कोणता घरमालक अशा बाईला अकरा महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार करून देईल? देणारे देतात ते दुप्पट भाड्याने आणि कागद न करता. कागद नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही.

छाप्यात सापडलेल्या बाईचं पुढे काय होतं? बातमीत ‘पीडितांची सुटका’ असं येतं.

बातमी तिथेच संपते. बाईची गोष्ट तिथून सुरू होते.

पद्धत साधारण ठरलेली. खबर मिळते, बोगस गिऱ्हाईक पाठवलं जातं, नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहिलेले असतात. इशारा मिळाला की पोलीस आत. कायद्यानुसार झडतीला किमान दोन पंच हवेत आणि त्यातली एक बाई. पोलीस पथकातही किमान दोन महिला पोलीस हव्यात, आणि बाईला प्रश्न विचारायचे तेही महिला पोलिसानेच. त्या जागेत सापडलेल्या बायकांना ताबडतोब दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं असतं.

खरी अडचण इथून पुढे. कलम १७ खाली दंडाधिकारी चौकशी लावतो. चौकशी चालू असताना तिला तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तिच्या घरची, गावची, आई-वडिलांची माहिती काढतो. तिला ‘काळजी आणि संरक्षणाची गरज आहे’ असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवायचा आदेश देता येतो. ती आरोपी नाही, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. तरी दाराला बाहेरून कुलूप. कलम ८ खाली दोषी ठरलेली बाई सहा महिन्यांत बाहेर येईल आणि ‘वाचवलेली’ तीन वर्षं आत राहील, असं घडू शकतं. वकिलांत यावर कडू विनोद चालतात.

वर उल्लेख केलेलं मुंबई उच्च न्यायालयाचं प्रकरण याच कलमाचं होतं. २०१९ साली मालाडमध्ये छापा पडला आणि विशीतल्या तीन मुली ताब्यात घेतल्या गेल्या. तिघी सज्ञान. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना आई-वडिलांकडे द्यायला नकार देऊन संस्थेत पाठवलं. त्यांच्या समाजात मुलींना या धंद्यात घालायची रीत आहे, म्हणून घरी पाठवणंही सुरक्षित नाही, असा विचार त्यामागे होता. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो आदेश रद्द केला. सज्ञान व्यक्तीला हवं तिथे राहायचा, फिरायचा आणि आपला व्यवसाय निवडायचा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, असं त्यांनी म्हटलं.

निकाल चांगला आहे. पण तो येईपर्यंत मुलींचं एक वर्ष गेलं होतं. उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो, पैसा लागतो, बाहेर धावपळ करणारं माणूस लागतं. सगळ्यांकडे ते नसतं.

गिऱ्हाइकाला शिक्षा होते का?

कलम ७ मध्ये होऊ शकते, कारण तिथे ‘ज्याच्यासोबत’ हेही लिहिलंय. बाकीच्या कलमांबाबत उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. काहींनी गिऱ्हाइकावरचे गुन्हे रद्द केले, काहींनी तो कलम ५ मध्ये बसू शकतो असं म्हटलं. मानवी तस्करी झालेल्या व्यक्तीचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त गंभीर. समोरची व्यक्ती तस्करी करून आणलेली आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून तिचं लैंगिक शोषण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ खाली तीन ते सात वर्षं कैद आहे. ती अल्पवयीन असेल तर पाच ते दहा वर्षं.

असा कायदा मुळात आला कुठून?

दोन वाटांनी. पहिली वाट इंग्रजांच्या छावण्यांतून येते. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. तपासणी बाईची, शिपायाची नाही. तो कायदा १८८८ साली मागे घेतला गेला. मुंबई इलाख्यात पुढे १९२३ साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला.

दुसरी वाट संयुक्त राष्ट्रांची. मानवी व्यापार आणि वेश्याव्यवसायातून होणारं शोषण रोखण्यासाठी १९४९ साली करार झाला. भारताने त्यावर ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये सही केली आणि त्याची अंमलबजावणी म्हणून १९५६ चा कायदा केला. सुरुवातीला तो फक्त स्त्रिया आणि मुलींपुरता होता. १९७८ आणि १९८६ साली दुरुस्त्या झाल्या. १९८६ मध्ये नाव बदललं, ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ आली, आणि व्याख्या अशी झाली की वेश्याव्यवसाय म्हणजे व्यापारी हेतूने केलेलं लैंगिक शोषण किंवा गैरवापर. या व्याख्येचा अर्थ न्यायालयांत अजून घोळतोय. शोषण असेल तरच वेश्याव्यवसाय, की वेश्याव्यवसाय म्हणजेच शोषण?

कायदा १ मे १९५८ रोजी लागू झाला. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात चोवीस वर्षांच्या एका बाईने याचिका दाखल केली. घरची माणसं माझ्या कमाईवर जगतात, आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेने मलाही दिलंय, असं तिचं म्हणणं. याचिका टिकली नाही. पण आज जे मुद्दे नवे, बाहेरून आलेले म्हणून उडवून लावले जातात, ते एका भारतीय बाईने पहिल्याच दिवशी मांडले होते.

१९६४ साली कानपूरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कलम २० खाली दंडाधिकारी एखाद्या वेश्येला विशिष्ट भागातून निघून जायचा, परत न यायचा आदेश देऊ शकतो. न्यायालयाने ते कलम घटनेशी सुसंगत ठरवलं. ते आजही पुस्तकात आहे. एरवी तडीपारीची भाषा आपण सराईत गुंडांसाठी वापरतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेश्याव्यवसाय कायदेशीर केला, असं व्हॉट्सॲपवर वाचलं.

नाही केला, कारण तो आधीपासूनच बेकायदेशीर नव्हता. काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो.

१९९९ साली कोलकात्यात एका वेश्येचा खून झाला. मारेकऱ्याचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये फेटाळलं. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा तिथेच थांबले नाहीत, त्यांनी हा विषय जनहित याचिका म्हणून पुढे चालवला. जुलै २०११ मध्ये ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कोलकात्यातल्या वेश्यांची स्वतःची संघटना, दुर्बार महिला समन्वय समिती, या समितीत होती. आपल्याकडे हे दुर्मीळच. समितीपुढे तीन विषय होते : तस्करी रोखणं, बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचं पुनर्वसन, आणि धंद्यात राहू इच्छिणाऱ्यांना सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती. केंद्र सरकारला यातला तिसरा मुद्दा रुचला नव्हता, म्हणून २०१२ मध्ये त्याची शब्दरचना सौम्य करण्यात आली.

समितीच्या शिफारशींवर सरकार कायदा करेल म्हणून न्यायालय थांबलं. कायदा आला नाही. शेवटी १९ मे २०२२ रोजी न्या. नागेश्वर राव, न्या. भूषण गवई आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश द्यायच्या अधिकारात, सरकारला मान्य असलेल्या शिफारशी लागू केल्या. लैंगिक अत्याचार झालेल्या वेश्येला इतर कोणत्याही पीडितेसारखी तातडीची वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेची प्रक्रिया करावी. निरोध सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा मानू नये. छाप्याच्या बातम्यांत ओळख उघड होईल असे फोटो छापू नयेत. पोलिसांना संवेदनशीलतेने वागायचं प्रशिक्षण द्यावं.

बातम्यांत मथळा झाला तो वेगळ्याच शिफारशीचा. सज्ञान बाई स्वेच्छेने धंदा करत असेल तर पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, छाप्यात तिला अटक करू नये, ही ती शिफारस. पण हीच शिफारस केंद्राने आक्षेप घेतलेल्यांत होती, आणि न्यायालयाने ती लागू केलेल्या यादीत नव्हती. मथळा वाचून खूश झालेल्या बायकांना पुढच्या छाप्यात ते कळलं असणार.

आधार, रेशन यांचं काय?

याच प्रकरणात त्यातली काही कामं झाली. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीत गिऱ्हाईक बंद झालं तेव्हा, ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायचे आदेश राज्यांना दिले गेले. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५,००० रुपये आणि मूल शाळेत असेल तर २,५०० रुपये जास्त, अशी मदत जाहीर केली. आधार कार्डासाठी एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचं प्रमाणपत्र चालतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

कायदा सैल केला तर अल्पवयीन मुलींची तस्करी वाढणार नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच झिडकारत नाही. भीती खरी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतल्या वेश्यावस्त्यांवर मोठे छापे पडले, चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या, त्यात नेपाळमधून आणलेल्या पुष्कळ होत्या. त्यांना ठेवायचं कुठे याची तयारी नव्हती, आणि ते प्रकरण राज्याला बराच काळ शोभलं नाही.

पण कायदा सैल करा म्हणणाऱ्यांपैकी कोणीही अल्पवयीनांबद्दल बोलत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला कायद्यात काही अर्थ नाही, आणि ते तसंच राहायला हवं. तिच्यासाठी बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, बाल न्याय कायदा आहे, न्याय संहितेची तस्करीविरोधी कलमं आहेत. कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं की वेश्यावस्तीतून सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी म्हणून वागवायचं नाही, तिला बाल कल्याण समितीपुढेच न्यायचं, आणि आरोपीच्या वकिलाने तिची वकिली करायची नाही. शेवटची अट वाचून आश्चर्य वाटेल. पण दलालाचाच वकील मुलीच्या वतीने उभा राहून तिला ‘सोडवून’ परत त्याच दारात पोहोचवत असे.

आता उलट बाजू. वस्तीत नवी, लहान मुलगी आली तर आधी कोणाला कळतं? शेजारच्या खोलीतल्या बाईला. सांगली-मिरजेत ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, कोलकात्यात ‘दुर्बार’ या संघटनांनी याच जाणिवेतून वस्तीत स्वतःची नजर उभी केली. पोलिसात गेलं की आपल्यावरच कलम ८ लागेल अशी धास्ती असलेली बाई तक्रार द्यायला जाणार नाही. तस्करी रोखायची तर हीच बाई साक्षीदार म्हणून हवी असते, आणि कायद्याने आधी तिलाच गप्प केलेलं असतं.

याआधी फेरविचार झालाच नाही का?

झाला, आणि अडकला. २००६ साली केंद्राने दुरुस्ती विधेयक आणलं. कलम ८ आणि कलम २० वगळायचं त्यात होतं. सोबत, तस्करी झालेल्या व्यक्तीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षा करणारं नवं कलमही. पहिल्या भागाचं वेश्यांच्या संघटनांनी स्वागत केलं, दुसऱ्याला विरोध केला : गिऱ्हाईक घाबरलं की धंदा आणखी अंधारात जातो. चौदावी लोकसभा २००९ मध्ये विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं.

२०१३ चा प्रसंग लहान, पण लक्षात ठेवावा असा. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर निघालेल्या अध्यादेशात तस्करीच्या व्याख्येत ‘वेश्याव्यवसाय’ हा शब्द सरळ घातला होता. संघटनांनी त्याच घटनेनंतर कायदे सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीकडे धाव घेतली. समितीने स्पष्ट केलं की आमचा रोख तस्करीवर आहे, स्वेच्छेने धंदा करणाऱ्यांवर नाही. अंतिम कायद्यातून तो शब्द गेला. २०१८ साली तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडलं, २०१९ मध्ये बाद झालं. २०२१ मध्ये नवा मसुदा आला. १९५६ चा कायदा तिथेच आहे.

इतर देशांनी काय केलं?

ढोबळ मानाने तीन वाटा आहेत.

स्वीडनने १९९९ साली विकणारीला मोकळं सोडलं आणि विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. फ्रान्सने २०१६ मध्ये तेच केलं. जर्मनीने २००२ मध्ये व्यवसाय मान्य केला आणि २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. नाव सरकारी दप्तरात नको म्हणून अनेकींनी नोंदणी टाळली. न्यूझीलंडने २००३ साली गुन्ह्याची कलमंच काढून टाकली. ते विधेयक ६० विरुद्ध ५९ मतांनी, एका मताने, मंजूर झालं.

न्यूझीलंडकडून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे चारपर्यंत जणी एकत्र राहून, कोणी मालक नसताना, परवान्याशिवाय काम करू शकतात. आपल्या व्याख्येत तो कुंटणखाना ठरला असता. आणि पाच वर्षांनी कायद्याचा फेरआढावा घ्यायचाच, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. २००८ साली अहवाल आलाही. सत्तर वर्षांच्या आपल्या कायद्यात अशी एक ओळ असती तर? उणीव तिथेही आहे : तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी बायकांना हे काम करायची मुभा नाही, त्यामुळे त्या अजूनही लपूनच राहतात.

कॅनडाची गोष्ट आपल्याला सर्वांत जवळची. तिथेही विकणं गुन्हा नव्हता, पण कुंटणखाना, कमाईवर जगणं आणि रस्त्यावर बोलणं हे तिन्ही गुन्हे. म्हणजे आपलं ३, ४ आणि ८. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही तरतुदी रद्द केल्या. जे काम कायदेशीर आहे ते ही कलमं जास्त धोक्याचं करतात, असा निष्कर्ष. संसदेला वर्षभराची मुदत दिली, आणि संसदेने २०१४ मध्ये विकत घेणंच गुन्हा केलं.

मग परवाने का देत नाही? तपासणी होईल, कर मिळेल.

परवाना आला की बिनपरवाना बायका आल्या. गावाकडून आलेली, कागद नसलेली, एचआयव्ही असलेली, वय झालेली, घरच्यांपासून लपवून करणारी. त्या सगळ्या पुन्हा गुन्हेगार. आणि सक्तीच्या तपासणीचा प्रयोग इथे १८६८ सालीच होऊन गेलाय.

गोव्यात बायना बीचवरची वस्ती पाडली, तो उपाय नव्हता का?

जून २००४ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, वास्कोजवळच्या बायना किनाऱ्यावरची घरं पाडली. धंदा न करणाऱ्यांचीही. बायका नाहीशा झाल्या नाहीत. लॉज, भाड्याच्या खोल्या, रस्ते असं पांगल्या. वस्ती होती तेव्हा आरोग्य कार्यकर्त्यांना कोणाला कुठे भेटायचं ते ठाऊक होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीला कठडे लावून ती बंद केली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला.

पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींचं काय?

१९८६ पासून कायदा ‘व्यक्ती’साठी आहे. संरक्षणगृहं, महिला पोलीस, सुधारगृह हा सगळा डोलारा मात्र बाईच्या कल्पनेवर उभा. छाप्यात सापडलेल्या तृतीयपंथी व्यक्तीला कुठे न्यायचं, याचं उत्तर कायद्यात नाही.

केंद्राचा कायदा आहे. महाराष्ट्र सरकारच्या हातात काय?

वाटतं त्यापेक्षा बरंच. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, असल्याने राज्याला दुरुस्ती करता येते, पण राष्ट्रपतींची मंजुरी लागते. ती वाट लांबची. बरीच कामं साध्या शासकीय निर्णयाने होतील. या कायद्याचे नियम राज्य सरकार करतं. संरक्षणगृहं राज्य चालवतं किंवा त्यांना परवाना देतं. या कायद्याखाली नेमलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यासोबत पाच सामाजिक कार्यकर्त्यांपर्यंतचं सल्लागार मंडळ नेमायची तरतूद कलम १३ मध्ये आहे, आणि दंडाधिकाऱ्याला मदत करायला पाच जणांचं, त्यात शक्यतो तीन स्त्रियांचं, मंडळ कलम १७ मध्ये. या मंडळांवर वस्तीतल्या बायका नेमायला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.

फेरविचाराला बसलं तर सुरुवात कुठून करावी?

माझं मत सांगतो, पटलं पाहिजे असं नाही. बहुतेक चर्चा ‘हे काम आहे की शोषण’ या प्रश्नावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. तो प्रश्न बाजूला ठेवूनही चार गोष्टींवर एकमत होऊ शकतं. कलम ८ आणि कलम २० जावं. २००६ साली सरकारनेच तसं सुचवलं होतं. व्याख्येतला ‘परस्पर फायद्यासाठी’ हा भाग जावा. कलम ४ मध्ये जबरदस्ती किंवा पिळवणूक सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा होऊ नये. आणि कलम १७ खाली सज्ञान बाईला तिच्या लेखी संमतीशिवाय एक दिवसही ठेवता येऊ नये. कलम १९ मध्ये तिने स्वतः अर्ज करून संरक्षणगृहात जायची सोय आहेच. ज्यांना खरोखर बाहेर पडायचंय त्यांच्यासाठी तेवढं दार पुरेसं आहे, फक्त आत गेल्यावर शिवणकामापलीकडे काहीतरी शिकवलं जावं.

कलम ३, ५ आणि ६ ला हात लावायची घाई नको. डांबून ठेवणारी घरवाली आणि मुली विकणारा दलाल हे कल्पनेतले नाहीत.

आज रात्री छापा पडला तर त्या बाईने काय करावं?

झडतीत महिला पोलीस आणि पंचांत एक बाई आहे का ते पाहावं, नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे तसं सांगावं. न वाचता, न समजता कशावरही सही करू नये. वयाचा पुरावा, म्हणजे आधार, शाळेचा दाखला, जे असेल ते कोणाकडून तरी मागवून घ्यावं. सज्ञान असणं हाच तिचा सर्वांत मोठा आधार आहे. दंडाधिकाऱ्यापुढे ‘मी सज्ञान आहे, मला संस्थेत राहायचं नाही’ हे स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि ते नोंदवलं जाईल याचा आग्रह धरावा. मारहाण झाली असेल तर तेही तेव्हाच सांगावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. स्त्री म्हणून तिला तो हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. संरक्षणगृहात पाठवायचा आदेश झालाच तर त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येतं. आणि तिचं लहान मूल खोलीवर एकटं राहिलं असेल तर ते सर्वांत आधी पोलिसांना सांगावं, शेजारणीचं नाव देऊन.